बिडाच्या तव्याचा काळा थर

माझी बायको मार्गशीर्षात गेली. दुपारची पडली ती उठलीच नाही. तेराव्याच्या आधी घर धुऊन काढायची आमच्यात रीत आहे. अंथरुणं-पांघरुणं धुवायची, फरशी धुवायची, घरातलं एकूण एक भांडं घासायचं. मग सुतक फिटतं. हे काम माझ्या थोरल्या बहिणीनं अंगावर घेतलं. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती देवळ्याला असते. गुडघे गेलेत, डोळ्याला कमी दिसतं, पण भांडं समोर आलं की तिच्या हाताला दम निघत नाही. बायकोचा बिडाचा तवा तिच्या हाती लागला. काळा कुळकुळीत तवा. आक्काला वाटलं, काजळी साचलीय. तिनं तो कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवला, सकाळी विटेच्या तुकड्यानं खसाखसा घासला आणि माझ्यापुढे आणून धरला.

"बघ भाऊ, चांदीवानी केला. किती वर्साचा मळ व्हता."

मी बघितला. राखाडी, खरबरीत, नुकता साच्यातून काढल्यासारखा. मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवत होतो.

काय झालं होतं ते महिन्याभरानं कळलं. सूनबाईनं गुळाची धिरडी घालायला घेतली. गव्हाचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून तव्यावर पातळ पसरायचं, कडा सुटल्या की उलटायचं, एवढं सोपं काम. धिरडं तव्याला असं चिकटलं की खरवडून काढावं लागलं. दुसरंही तसंच. माझ्या ताटात आला तो नुसता चुरा. बायकोच्या हातचं धिरडं कधी फाटलं नाही. ती तवा नुसता हलवायची आणि धिरडं आपलं आपण सरकायचं. ती म्हणायची, "तवा तापल्याबिगर पाठ सोडत नाय. तुमच्यावानीच हाय." हे मला ताटात चुरा बघून आठवलं आणि मी ताटावरून उठलो. रडायला तोवर जमलं नव्हतं, त्या दिवशी जमलं.

सूनबाई मला मामा म्हणते. पोरगी सरळ आहे, पण तोंडानं फटकळ. आमच्या घरात फटकळपणा सगळ्यांना आहे, म्हणून भागतं. ती म्हणाली, "मामा, तवा भंगारात देऊन टाकू. मी नॉनस्टिक आणलाय, त्यावर घालते."

"आखाजीला तिच्या ताटात त्या चकचकीत तव्यावरचं धिरडं वाढायचं नाही."

"मग फाटकं वाढणार का?"

वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या माणसाची असते. नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, गेलेल्याच्या आवडीचं ताट वाढायचं. बायकोला आवड एकच, गुळाचं धिरडं. आणि त्या ताटात मोडकं, फाटकं काही चालत नाही. तेव्हा ठरलं असं, की आखाजीपर्यंत तवा सुधारला तर ठीक, नाही तर सूनबाईच्या तव्यावरचं धिरडं वाढायचं आणि बिडाचा तवा भंगारात. मी हो म्हणालो. शब्द दिला म्हणजे दिला.

आक्काला फोन लावला. ती म्हणाली, "तूप चोळ त्याला. मेलेल्या मान्साच्या नावाचं काम हाय, तेलबिल लावू नको. साजूक तूप लाव." मला पटलं. तूप शुद्ध, तूप देवाचं. मी रोज तवा कोमट करून तूप चोळायचो आणि खुंटीला टांगायचो. सगळा माघ असा गेला. थंडीनं तूप तव्यावर पांढरं धरायचं. वास यायला लागला, खवट. धिरडं चिकटायचं ते चिकटायचंच. सूनबाई नाकाला पदर लावून म्हणायची, "मामा, तव्याला तूप, आणि माणसांना डालडा."

मग हे प्रकरण नातीच्या, म्हणजे सूनबाईच्या पोरीच्या, हातात गेलं. ती इथेच नाशिकला कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. मी चौथी शिकलेला. त्यानंतर अंबडच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होतो, पत्र्याची कपाटं रंगवून भट्टीत भाजायची. नातीनं तव्यावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली, "आबा, तूप याच्यावर कधीच धरणार नाही. तुपाचे हात भरलेले आहेत."

"तुपाला हात कुठले?"

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. तेल काय, तूप काय, आतून कार्बनच्या लांब माळा. प्रत्येक कार्बनला चार हात. दोन हातांनी तो मागच्या-पुढच्या कार्बनला धरतो, उरलेल्या दोन हातांत हायड्रोजन. तुपात बहुतेक सगळे असेच, हात भरलेले. ज्याचे हात भरलेले, त्याला आणखी कुणाला धरायची गरज नाही. पण करडईच्या तेलात काही ठिकाणी हायड्रोजन कमी पडतो. तिथे शेजारशेजारचे दोन कार्बन एकमेकांना दोन-दोन हातांनी धरतात. त्याला दुहेरी बंध म्हणतात. आज्जीच्या तव्यावर जो काळा थर होता तो मळ नव्हता, काजळीही नव्हती. ते तेलच होतं. दुहेरी बंध उघडून माळा एकमेकींत गुंतल्या आणि त्याचं कडक कातडं झालं. म्हणून धिरडं चिकटत नव्हतं.

"म्हणजे रंग," मी म्हणालो. "आमचा भट्टीतला रंगही असाच वाळायचा. ओला रंग सुकून कडक व्हायचा, तसं."

"बरोब्बर तसं. तुमच्या जुन्या तेलरंगांत हेच व्हायचं."

मला बरं वाटलं. पण मी गप्प बसणारा माणूस नाही. मी विचारलं, "दोन हातांनी धरलेलं जास्त पक्कं असतं. पट्टी एका बोल्टवर असली तर गरगर फिरते. दोन बोल्ट मारले की हलत नाही. मग तेच आधी कसं उघडतं?"

नात हसली. म्हणाली, तुमचं अर्धं बरोबर आहे. दोन बोल्टांमुळे ते खरंच फिरत नाही. करडईच्या तेलाची माळ तिथे वाकडी होते आणि वाकडीच राहते. वाकड्या काठ्यांची मोळी नीट बांधता येत नाही, म्हणून ते तेल थंडीतही पातळ राहतं. तुपाच्या काठ्या सरळ, म्हणून तूप गोठतं. पण दोन्ही बोल्ट सारखे नाहीत. पहिला दोन कार्बनच्या बरोबर मध्ये बसलेला, घट्ट. दुसरा मध्ये नाही. त्याचा थोडा भाग वर, थोडा खाली, मधली जागा रिकामी. तो सैल, त्याला बाहेरचा कुणीही ओढू शकतो.

"वर आणि खाली म्हणजे दोन नग आहेत?"

"जोडी आहे इलेक्ट्रॉनची. पण त्यातला एकेकटा वरही असतो आणि खालीही."

"आणि मध्ये?"

"मध्ये सापडत नाही."

"मग मधून न जाता वरचा खाली गेला कसा?"

ती म्हणाली, "जात नाहीच, आबा. तो मणी नाही." आणि मला गॅलरीत घेऊन गेली. तिथे कपडे वाळवायची दोरी. तिनं एक टोक ग्रिलला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि हलवायला लागली. आधी दोरीचा एकच मोठा फुगवटा झाला. मग तिनं वेग वाढवला तसे दोन झाले, एक वर तर एक खाली, आणि मधला दोरीचा ठिपका जागच्या जागी. मला म्हणाली, "मध्ये चिमटा लावा." मी कपड्याचा चिमटा लावला. दोरी दोन्हीकडे नाचत होती आणि चिमटा थंड. सूनबाई टॉवेल घेऊन आली नि उभी राहिली. "शास्त्र झालं असेल तर कपडे वाळत घालू का?"

नात म्हणाली, लाट दोन्हीकडे एकाच वेळी असते. या फुगवट्यातून त्या फुगवट्यात कोणी जात नाही. इलेक्ट्रॉन लहान गोळी असता तर तुमचा प्रश्न बरोबर होता. पण तो असा लाटेसारखा वागतो. याचं गणित आहे, त्याला क्वांटम यामिकी म्हणतात. ते गणित मला कळणार नाही आणि कळलं असं मी म्हणणारही नाही. पण चिमटा मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या इथे कट्ट्यावर संध्याकाळी म्हातारे बसतात. त्यात एक निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, मोबाइलवर बघून बोलतात. मी हे दोरीचं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे विज्ञानानं सिद्ध झालं. आत्मा इथेही असतो, तिथेही. तुमच्या मंडळी तुमच्याजवळच आहेत." मी घरी येऊन नातीला विचारलं. ती थोडी घाबरत म्हणाली, "नाही आबा. यातून असं काही निघत नाही." मी म्हणालो, बरं झालं. मला सांत्वन नको होतं, तवा हवा होता. बायको जवळ असती तर तिनं पहिल्याच दिवशी आक्काच्या हातातून वीट काढून घेतली असती.

मी शनिवारी जाऊन घाण्यावरून करडईचं तेल आणलं. बायकोही तेच आणायची. धिरड्याच्या वेळी ती अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायची आणि तव्यावर फिरवायची, एवढंच मला दिसायचं. आता हातात बाटली, डोक्यात शास्त्र. मला घाई झाली. मी तव्यावर सढळ हातानं तेल ओतलं, पसरलं आणि मंद गॅसवर ठेवून दिलं. थर जाड तर तवा लवकर काळा, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी तव्यावर तपकिरी चिकट कातडं, बोट लावलं तर बोट सुटेना. माशी बसली ती तिथेच राहिली.

नात कॉलेजातून आली, बघितलं आणि मला म्हणाली, "आबा, पेंट शॉपला असा रंग मारला असता तर?"

"मारणाऱ्याला मी हाकलला असता."

"मग?"

मग काय. आयुष्यभर पोरांना ओरडत आलो, की हलका हात, पातळ थर, नाही तर वरून सुकेल नि आत कच्चं राहील. आणि स्वतःच्या बायकोच्या तव्यावर तेल ओतून बसलो. सूनबाई चिकट तवा बघून नुसती हसली. बोलली असती तर परवडलं असतं. चिकट थर सगळा खरवडला, तवा पुन्हा उघडा केला. या वेळी वीट माझ्याच हातात होती.

आखाजी जवळ यायला लागली. माठ, घागरी रस्त्यावर दिसायला लागल्या. मला आता एक गोष्ट सतावत होती. तेल बाटलीत महिनोन्महिने राहतं, त्याच्यावर हवा असतेच. मग ते बाटलीतच कडक का होत नाही? आणि तव्यावर का होतं? हे कळल्याशिवाय मी पुन्हा हात घालणार नव्हतो. 

नात म्हणाली, हाच प्रश्न सगळ्यात भारी आहे. हवेतला ऑक्सिजन विचित्र आहे. जगात बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं राहतात, एक या तोंडाचा, एक त्या तोंडाचा. ऑक्सिजनमध्ये दोन असे आहेत, की एकेकटे राहतात आणि दोघांची तोंडं एकाच बाजूला. तेलात सगळे जोडीनं. आणि क्वांटमचा नियम असा, की अशा दोघांची सरळ गाठ पडत नाही. नियम आडवा येतो.

"आणि नियम नसता तर?"

"तर हवेत नुसतं उभं राहिल्यावर आपण पेटलो असतो. लाकूड, कापूस, तेल, माणूस, सगळं."

एवढा मोठा जाळ माणसाच्या चहूबाजूंनी उभा आहे आणि एका नियमानं तो थोपवून धरलाय, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"मग तव्यावर नियम मोडतो?"

"मोडत नाही. मध्यस्थ लागतो. गरमी आणि बिडातलं लोखंड. करडईच्या तेलात दोन दुहेरी बंध जवळजवळ असतात. त्यांच्या मधल्या कार्बनचा हायड्रोजन सगळ्यात सैल. तव्याच्या गरमीनं, लोखंडाच्या मदतीनं तो निघतो. मग तिथे एकटा इलेक्ट्रॉन उरतो, आणि तो एका जागी बसत नाही, शेजारच्या कार्बनांवर पसरतो. त्या एकट्याला ऑक्सिजनमधला एकटा लगेच धरतो. मग एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, माळा गुंतत जातात."

मध्यस्थाशिवाय सोयरीक नाही, हे मला न शिकवता कळतं. माझं लग्न येवल्याच्या एका साडीच्या व्यापाऱ्यानं जुळवलं होतं. दोन्ही घरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. तो मध्ये पडला नसता तर ही माझ्या घरी आली नसती. मी नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आज्जीनं कधी सांगितलं नाही." मी म्हणालो, "ती काय सांगणार, तिला व्यापाऱ्यानं एक साडी कमी दिली होती. मरेपर्यंत त्याचा राग गेला नाही."

मग आम्ही कामाला लागलो. तवा धुऊन, कोरडा करून गॅसवर चांगला तापवला. बंद करून, धग जरा उतरल्यावर कापडाच्या बोळ्यानं तेलाचा हात फिरवला, आणि मग दुसऱ्या कोरड्या कापडानं असा पुसून काढला, जणू तेल चुकून लागलं होतं. दिसायला तव्यावर काही राहिलं नाही. मग गॅस मोठा, धूर निघेपर्यंत. धूर थांबला की गॅस बंद, तवा आपला आपण गार. पुन्हा तसंच. खिडक्या उघड्या, सूनबाई ठसकत होती, वरच्या मजल्यावरून विचारणा झाली की काय जळतंय. सूनबाईनंच वर तोंड करून सांगितलं, "काही जळत नाही, मामा केमिस्ट्री करतात."

पहिल्या दिवशी तवा नुसता पिवळसर झाला. मला काही वाटलं नाही. पातळ थराचं काम मला ठाऊक आहे, ते आधी काहीच दिसत नाही. मग तपकिरी. मग एके दिवशी कॉलेजातून आल्यावर नातीनं तवा उजेडात तिरका धरला आणि म्हणाली, "आबा, इकडे बघा." मधोमध काळा, आणि त्यात खिडकी दिसत होती, अंधूक. कडेला मात्र एक राखाडी ठिपका राहिला. तिथे बिडाचं अंग खडबडीत आहे, तिथे थर धरतच नव्हता.

आखाजीला आक्का देवळ्याहून आली. घागर भरली, खरबूज ठेवलं. ताट वाढायचं म्हणून सगळे स्वयंपाकघराच्या दारात. सूनबाईनं पीठ कालवून ठेवलं होतं, आणि मला दिसावा असा आपला नॉनस्टिक तवा बाजूला काढून ठेवला होता. मी बघितल्यावर म्हणाली, "नियम म्हणजे नियम, मामा."

"घाल तू. बोलू नको."

तिनं अर्धा कांदा काट्याला टोचला, तेलात बुडवून फिरवला. पहिलं धिरडं पसरलं. उलटायला गेली आणि ते मधून फाटलं. आक्का मागून म्हणाली, "पहिलं तव्याचंच असतं. जाऊ दे." नातीनं माझ्याकडे बघितलं. मी सूनबाईला सांगितलं, "गॅस वाढव. तो तापलेला नाही." हे मी शास्त्रातून सांगितलं नाही. हे मी बायकोकडून ऐकलेलं आहे.

तिनं गॅस वाढवला, थांबली, कांदा फिरवला, चर्र आवाज आला. दुसरं धिरडं घातलं. कडा वाळल्या, सुटल्या. सूनबाईनं उलथनं घेतलं, मग काय वाटलं कोण जाणे, ते खाली ठेवलं आणि तव्याची मूठ धरून नुसता हलवला. धिरडं सरकलं. अख्खं.

ते ताटात वाढलं. मी घागरीपुढे बसलो, हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, लपवलंही नाही.

जेवणं झाल्यावर आक्का भांड्यांकडे वळली. सवयच ती. तवा तिच्या हाती लागला. सूनबाई, नात, मी, तिघंही जागच्या जागी उभे. आक्कानं तवा डोळ्याजवळ धरून बघितला.

"पुन्हा काळा केला ना रे."

"केला."

"येवढा घासला व्हता मी."

"म्हणूनच करायला लागला."

तिनं पदरानं तवा पुसला, कोरडा केला आणि खुंटीला टांगला. म्हणाली, "मला कुणी सांगितलं तर मी ऐकते. तुम्ही कुणी सांगत नाय." हे खरं होतं.

संध्याकाळी मी नातीला विचारलं, हा थर आज्जीच्या थरासारखाच आहे ना? नात खोटं बोलत नाही, म्हणून तिला विचारतो. ती म्हणाली, तसाच आहे, पण तो नाही. जे दुहेरी बंध उघडून एकदा जोडले गेले, ते परत पूर्वीसारखे होत नाहीत. आज्जीचा थर सोड्याच्या पाण्यात गेला. हा नवा आहे.

मला ते चाललं. तिचा थर तिच्या हातचा होता, तो तिच्याबरोबर गेला. हा सूनबाईच्या हातचा, नातीच्या आणि माझ्या. जो आहे तो पक्का आहे, घाईनं केलेला नाही. आता आठवड्यातून एकदा धिरडी होतात. नॉनस्टिक तव्यावर सूनबाई अंडी करते, तिला माझी ना नाही. कडेचा राखाडी ठिपका अजून आहे, पण बारीक होत चाललाय. मी रोज त्याला कांदा फिरवतो. माझ्या हातून भरला तर भरला, नाही तर सूनबाई भरेल.